ओवाळणीतला लॅपटॉप

गेल्या भाऊबिजेला मी ताईच्या ताटात माझा जुना लॅपटॉप ओवाळणी म्हणून घातला. त्यातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं होतं, सोबत त्यावर चालणारं फुकटातलं ऑफिस सॉफ्टवेअर. ताई शेवगावकडच्या एका शाळेत शिक्षिका. "आता व्हायरसची कटकट नाही," असं मी पाटावर बसूनच भाषण ठोकलं. आम्ही पडलो तत्त्वाची माणसं; सॉफ्टवेअर वापरायचं तर खुलं, फुकटातलंच. आपलं तत्त्व दुसऱ्याच्या गळ्यात मारताना आम्हाला भलताच हुरूप येतो.

चारच दिवसांत तिचा फोन. घरी केलेली प्रश्नपत्रिका शाळेतल्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरवर उघडली की 'जोड्या लावा'चे रकाने एकमेकांत घुसत होते आणि आकृती भलत्याच पानावर जात होती. मी नगरला ऑफिसात, कामात बुडालेला. "अगं, सेव्ह करताना फॉरमॅट बदल म्हणून सांगितलं होतं ना? एवढं साधं कळत नाही तुला?"

"व्हय रे, बघते," ती म्हणाली. त्यानंतर तिचे फोन आले ते फक्त ख्यालीखुशालीचे. मला वाटलं, जमलं असेल.

परवा तिच्याकडे गेलो, तर ती अजून शाळेतून यायची होती. दाजी एकटेच ओट्यावर बसले होते.

"तुमची बहीन शाळा सुटली तरी तितंच बसती," ते म्हणाले. "घरी केल्याला पेपर तिथल्या कॉम्प्युटरवर पुन्ना पहिल्यापासून टाइप करती."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं, दुकानात नेऊन विंडोज टाकून आनू. तर म्हनती, ओवाळणीला कुनी नावं ठेवतं व्हय? शाळंत सगळ्यांना सांगती, भावानं दिलाय, लई भारी चालतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तत्त्व माझं, आणि त्याचा त्रास गुपचूप ती काढत होती.

ताई आल्या आल्या मी तिला लॅपटॉपसमोर बसवलं. "माझं चुकलं ताई. आता नीट शिकवतो." तिनं भीत भीत माउस हलवला आणि भलत्याच ठिकाणी क्लिक केलं.

"अगं तिथं नाही!" माझा आवाज चढलाच.

ताईनं माउसवरचा हात काढून घेतला. "तूच कर बाबा," ती हसून म्हणाली, "मी चहा टाकते."