बारा-तेराचा पाना

एसटीडी बूथवाला गॅरेजच्या दारात आला तेव्हा मी ट्रॅक्टरखाली आडवा होतो. "सलीम, बाहीर ये," एवढंच म्हणाला. माझा दोस्त मोहन बंजारा तांड्यावरचा. तिथे फोन नव्हता, त्याचे सगळे निरोप आमच्याकडेच यायचे. सीमेवर लढाई पेटलेली होती, पण मोहन काही सीमेवर नव्हता. तो ज्या विमानात होता, ते सरावाच्या उड्डाणात कोसळलं होतं. आतलं कुणीच वाचलं नव्हतं... त्याला आता दीड महिना झाला.

बोरी अरबच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. शाळा सुटली की मोहनची स्वारी तांड्याकडे न जाता आमच्या गॅरेजात. अब्बा म्हणायचे, "पोरगा माह्या, अन् हात मोहनचा. अल्लानं गफलत केली." मला राग यायचा, पण खोटं नव्हतं ते. पुढे तो हवाई दलात इंजिन मेकॅनिक झाला आणि पहिल्याच सुटीत आम्हाला शिस्त लावायला निघाला. फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवली. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आम्हा तिघांच्या नावांचे बिल्ले केले. पाना घेतला की त्या जागी आपला बिल्ला टांगायचा, पाना परत आला की बिल्ला काढायचा. "इंजिनात एक पाना राह्यला तं इमान खाली येते, चाचा!" अब्बा हसले, "इथं तं नुसता ट्रॅक्टर बंद पडते रे." पण त्या दिवसापासून पाने मोजल्याशिवाय त्यांनी शटर ओढलं नाही.

शेवटच्या सुटीत निघताना मोहननं फळीवरचा बारा-तेराचा पाना काढला. अब्बांनी त्याच्या हातात दिलेला पहिला पाना तोच. तिथे स्वतःचा बिल्ला अडकवला. "पुढच्या सुटीत आणून देतो."

लढाई सुरू झाली तशी त्याची आई गॅरेजात आली. तांड्यावर आईला याडी म्हणतात, मीही तेच म्हणतो. "लढाईत तं नाही नेऊन राह्यले ना त्याले?" मी मोठ्या शहाण्यासारखा म्हणालो, "ट्रेनिंगवर हाये तो, याडी. ट्रेनिंगमंधी कायची भीती?" ती निश्चिंत होऊन परत गेली.

यंदा भाव पडल्यानं घरोघरी कापूस पडून होता. मोहनच्या घरातही आढ्यापर्यंत. त्याची शवपेटी आली आणि ती ठेवायला जागाच नव्हती. याडी कुणाशी बोलली नाही, कवेत भरभरून कापूस अंगणात टाकू लागली. मग आम्ही सगळे लागलो. वारा होता, कापूस तांडाभर उडाला, तो कुणी गोळा केला नाही.

गेल्या आठवड्यात याडी पुन्हा गॅरेजात आली. मोहनची ट्रंक पोचली होती. स्वतःचं अवजार विमानात नेता येत नाही, म्हणून पाना ट्रंकेतच राहिलेला. तिनं तो अब्बांपुढे धरला, "घ्या भाऊ, तुमचा पाना." मला वाटलं, त्या ट्रेनिंगच्या वाक्यावरून आता ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवला का रे?"

अब्बा पाना घेऊन फळीपाशी गेले. बिल्ल्यावर हात ठेवून उभे राहिले... मग माघारी आले आणि पाना तिच्याच हातात दिला. "तुमच्यापाशी राहू द्या, भाभी. हा टांगला तं त्याचं नाव काढा लागते."

रोज संध्याकाळी शटर ओढण्याआधी अब्बा पाने मोजतात. शेवटी त्या बिल्ल्यासमोर थांबतात आणि मोठ्यानं म्हणतात, "एक मोहनपाशी."