रस्त्याच्या पडद्यावरचा माणूस

भुताखेताचं कुणी सांगायला लागला की मी हटकून विचारायचो, "त्या दिवशी जेवला काय होतास?" आता मला कुणी तेच विचारलं तर राग नाही. भाकरी आणि पावट्याची आमटी... आणि मी चांगला शुद्धीवर होतो.

चव्वेचाळीसचा हिवाळा. सांगलीत दर थंडीला पंधरा दिवस नाटकं, गाण्याच्या बैठका, चित्रांचं प्रदर्शन असा थाट असायचा. नाटकांचे पडदे मी रंगवायचो. थिएटरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मांजरपाट जमिनीवर अंथरून, सरसात कालवलेल्या रंगांनी. त्या वर्षी रस्त्याचा पडदा करायचा होता. मला काय अवदसा आठवली कोण जाणे, मी पाटणकडचं आमच्या गावचंच वळण काढलं — उंबर, ओढ्यावरची फरशी, सगळं. माणूस तेवढा नाही. रस्त्याच्या पडद्यावर आम्ही माणूस काढत नाही. पुढे नट चालतो आणि मागचा जागचा हलत नाही, लोक हसतात.

थोरला भाऊ पलटणीत, इटलीकडं. आठ महिने पत्र नाही. त्याची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, म्हणून वहिनी गाव सोडून आमच्याकडं येऊन राहिली होती. दुपारी शेडवर भाकरी आणायची आणि आल्या आल्या विचारायची, "टपाल आलं का वो?" मला तिच्याकडं बघवायचं नाही.

त्या दुपारी तिनं टपालाचं विचारलंच नाही. पडद्याच्या कडेला थबकून म्हणाली, "भाऊजी, ह्यो कुणी काढलाय?"

वळणावर, उंबराखाली, बोटाएवढा माणूस. खाकी कपडे, उजव्या खांद्यावर वळकटी. मी खाकी रंग कालवलेलाच नव्हता! कुणाची तरी चेष्टा म्हणून मी भडकलो... पण शेडची किल्ली माझ्याच कमरेला होती. आणि रंग तर खडखडीत वाळलेला.

तेवढ्यात मॅनेजर आले. "उद्या पहिला खेळ, आणि हा मधेच कोण? झाका आत्ताच्या आत्ता."

मी मातकट रंग घेतला. त्या माणसाच्या डाव्या हातापासून सुरुवात केली, जरा कडेचं काम म्हणून. पंजा झाकला, कोपरापर्यंत आलो, आणि वहिनीनं माझं मनगट धरलं. कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई ती.

"पुसू नगा," ती म्हणाली. "येत्यात त्ये. येऊ द्या त्यास्नी."

मॅनेजर बागेचा पडदा शोधायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी रस्त्याचा प्रवेश बागेच्या पडद्यापुढं झाला. लोक हसले. हसू देत.

पुढं उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो, तेव्हा भाऊ आला. त्याच वळणावरून, उंबराखालून, उजव्या खांद्यावर वळकटी. वहिनी पळत सुटली. मी त्याची डावी बाही बघत होतो. कोपराखाली ती रिकामी लोंबत होती.

तोफगोळ्यात हात गेला म्हणतो. हसत हसत सांगतो, जीव वाचला ना, मग झालं. कुठल्या दिवशी, तेही त्याला पक्कं ठाऊक आहे. सांगता सांगता तो तारखेशी आला की मी चहाचं निमित्त करून उठतो. वहिनी तेव्हा खाली मान घालून बसलेली असते.

तो पडद्यावर आला कसा, मला आजतागायत कळलेलं नाही. कुणाला कळत असेल तर जरूर लिहा. ती तारीख मात्र मला कुणी सांगू नका.