मागून येणारा वारा

वाऱ्यात सायकल चालवताना कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. बोलणं तुंबून राहतं आणि भिगवणला चहा समोर आला की एकदम सुटतं. आमचे किस्से असेच साठत गेले. आम्ही तिघं बारामतीचे: मी मास्तर, सुनीलचं मेडिकलचं दुकान, आणि पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले तात्या.

* * *

जूनमधला पश्चिमेचा वारा जाताना ढकलत नेतो आणि येताना छातीवर बसतो. तेव्हा एकानं पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, बाकीच्यांनी त्याच्या आडोशाला राहायचं. सुनीलची पाळी आली की हमखास त्याच्या बुटाची नाडी सुटायची.

एकदा इंदापूरहून परतताना कडब्यानं भरलेली ट्रॉली शेजारून गेली. सुनील मान खाली घालून तिच्या मागं घुसला आणि दिसेनासा झाला. बऱ्याच वेळानं फोन आला.

"तुमी कुठं हाय?"

"रस्त्यावर. तू?"

"शेळगावात. ट्रॅक्टर कधी वळला कळलंच न्हाय. हितं चहा टाकलाय माझ्यासाठी."

* * *

एकदा वारा इतका, की सायकली हातात धरून चालत होतो. शेळ्या राखणाऱ्या एका आजीनं विचारलं, "पंक्चर हाय व्हय?"

"न्हाय. वारा हाय," तात्या म्हणाले.

"मग बसा की वारा पडंस्तवर."

बांधावर तिच्याशेजारी बसलो. वारा काही पडला नाही. शेवटी आम्ही उठलो.

"ह्यो न्हाय पडायचा आता," आजी म्हणाली. "मला ठावं हुतं. पर माझ्यापाशी कोण बसतंय?"

* * *

पोरांच्या शिक्षणासाठी सुनील पुण्याला गेला. आता तो घरातच सायकल स्टँडवर लावून पायडल मारतो. परवा फोटो पाठवला, समोर टेबल फॅन. खाली लिहिलं होतं, 'वारा तीनवर ठेवलाय. पुढं कोण थांबतंय?'

मी तात्यांना फोटो दाखवला. ते हसले नाहीत.

* * *

तात्यांच्या घरच्या, म्हणजे आमच्या काकी, वारल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्याअखेरीस आम्ही दोघंच धरणाच्या पाण्यात बुडालेलं देऊळ बघायला पळसदेवला निघालो. काकींबद्दल तात्या कधी बोलले नव्हते, मीही विचारलं नव्हतं. वारा पाठीवर होता. मी पुढं, तात्या बरेच मागं. असा वारा असला की मागच्याचं बोलणं पुढच्यापर्यंत येतं.

"पाणी लई उतरलंय बघ. देऊळ पार उघडं पडलंय."

"दिसलं, तात्या," मी ओरडून म्हणालो. माझा आवाज वाऱ्यानं पुढंच नेला असावा.

"पदर आवरून बस," मागून तात्या म्हणाले. "चाकात जाईल."

मी मागं वळलो नाही. पायडल मारायचं थांबवलं, तरी सायकल वाऱ्यानं पुढं चालतच होती.

पाण्याच्या कडेला मी उतरून उभा राहिलो. तात्या आले, एक पाय जमिनीला टेकवला आणि हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरून जरा वेळ तसेच थांबले. मग स्वतः उतरले.