चौघींचं खरं

आम्ही भालकीला राहायला आलो त्या वर्षी माझी मुलगी आठवीत गेली. ठाणाकुशनूरजवळच्या आमच्या खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती. गावातली निम्मी माणसं तोवर पुण्याला नाहीतर हैदराबादला गेलेली. आम्ही तेवढं लांब गेलो नाही. ह्यांना साखर कारखान्यावर काम लागलं, आणि पोरीला पुढं शिकता येईल म्हणून भालकीचा हट्ट मीच धरला.

खोली मिळाली ती एका लिंगायत म्हातारीच्या घराच्या मागच्या बाजूला. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. खोली देताना तिनं एकच अट घातली. "माझ्या घरात मटण-अंडं शिजायचं न्हाई. बाहेर काय बी खावा, मी इचारणार न्हाई." आम्ही मूळची मेंढरं राखणारी माणसं, आमच्यात खातात. तरी अट कबूल केली. रविवारी कधी मन झालं तर कारखान्याकडं दिराच्या झोपडीवर जायचं, तिथंच खायचं, चूळ भरून परत यायचं. आम्ही परत येताना अक्का ओट्यावर बसलेली असायची आणि आधी आमच्या तोंडाकडं नाही, हातातल्या पिशवीकडं बघायची. मला राग यायचा, पण बोलणार काय?

दसऱ्याच्या सुमाराला पोरगी शाळेतून आल्या आल्या टोपल्यातली भाकरी हातात घेऊन उभ्यानंच खायला लागली. डबा मात्र रिकामा यायचा.

"डबा खाल्लीस ना गं?"

"खाल्ले असंन."

"असंन म्हंजे?"

"त्या म्हणतात, सुट्टीच्या आधीच खाल्लीस, आमच्यासमोर. मला आठवत न्हाई, माय."

मला वाटलं, ही डबा कुणाला तरी देते आणि माझ्याजवळ लपवते. पोरगी त्या वयाची होती. ती अंघोळीला गेली की मी तिचं दप्तर उलटंपालटं करायचे. काही सापडलं नाही की जास्तच संशय यायचा.

मग एकदा वेणी घालताना तिनं विचारलं, "माय, काल माझी रिबीन लाल व्हती का निळी?"

"लाल. कामून?"

"काही न्हाई. त्या चौघी निळी म्हणत व्हत्या."

तिच्याजवळ निळी रिबीन नव्हतीच. हे तिलाही ठाऊक होतं, तरी विचारत होती.

चौघी म्हणजे तिच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुली. त्यातल्या एकीच्या बापाचं कापडाचं दुकान होतं. तिची वेणी कमरेखाली जायची. बाकीच्या तिघी तिच्या तोंडाकडं बघून बोलायच्या. एका सुट्टीच्या दिवशी त्या आमच्या दारातही आल्या. मी शेंगा दिल्या. लांब वेणीची फार गोड बोलली. "काकू, ही लई विसरते हो. चप्पल एकीकडं काढते, शोधते दुसरीकडं. पर तुम्ही घोर करू नका, आम्ही सांभाळून घेतो."

मला बरं वाटलं. त्या गेल्यावर टरफलं गोळा करताना मनात आलं, मी तर काही विचारलं नव्हतं. मग हे सांगायला ही एवढ्या लांब कशाला आली?

पण तो विचार टिकला नाही, कारण पोरगीच तशी वागायला लागली होती. दाराची कडी लावली का म्हणून पुन्हा पुन्हा बघायची. बोलता बोलता मध्येच थांबून म्हणायची, "हे मी आत्ताच म्हणले का?" शेजारणीनं सांगितलं, बाहेरचं लागलंय, दर्ग्यातून दोरा आणून बांध. मी बांधला. हे म्हणाले, "तुला चौथीतून काढली, तुझं काय अडलं? उसाचा हंगाम सरू दे, हिला गावाकडं आजीजवळ ठेवू." आजीजवळ ठेवलेल्या पोरी परत शाळेत जात नाहीत. उन्हाळ्यात पाहुणे येतात आणि मग लग्नच होतं. मला ते माहीत होतं.

त्यातच तो सोमवार आला. पोरगी दुपारीच रडत घरी आली. चौघींनी सुट्टीत नळापाशी सगळ्या वर्गापुढं सांगितलं होतं की हिच्या डब्यात मटण होतं, आणि आम्हाला न सांगता हिनं त्याच हातानं आमच्या डब्यातलं घेतलं. वर हेही, की "काल आमच्याकडं मटण होतं" असं हीच म्हणाली. वर्गाच्या बाईंनी विचारलं, "तू म्हणालीस का असं?"

"मग तू काय सांगितलीस?" मी विचारलं.

"म्हणले असंन बाई, असं सांगितले."

उद्या आईला घेऊन ये, असा निरोप होता.

मी डब्यात वांग्याची भाजी दिली होती. पण आदल्या दिवशी आम्ही दिराकडं जाऊन खाल्लं होतं, हे खरं. निघताना जावेनं आग्रह केला होता, पोरीच्या डब्याला थोडं घेऊन जा म्हणून. मी नको म्हणाले. नको म्हणालेलं मला आठवत होतं. मग वाटलं, म्हणाले का खरंच? का तिनं बळंच दिलं आणि मी पदराखाली आणलं? तो डबा तर तिकडं नेला नव्हता ना? मी डबा राखेनं घासला, धुतला, नाकाला लावला. राखेचाच वास आला. पुन्हा घासला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पोरगी रोज जे करते तेच मी करायले. त्या पोरी माझ्या चुलीपर्यंत पोचल्या होत्या.

"काय गं, डबा कामून हुंगायलीस?" अक्का मागं कधी येऊन उभी राहिली कळलं नाही.

खोली जाईल या भीतीनं मी डबा पदराखाली घेतला. पण पोरीनंच सगळं सांगितलं. अक्कानं कमरेवर हात ठेवले.

"काल तू रिकाम्या हातानं आलीस. पोरीच्या हातात उसाचं कांडं व्हतं, बस. सकाळी वांगं टाकलीस, जरा करपवलीस बी. यव्वा, तुझ्या चुलीवर काय हाय ते तुझ्याआधी मला कळतंय. इतके दिवस काय उगं ओट्यावर बसले व्हय?"

मला हसू आलं आणि रडूही. दुसऱ्या दिवशी ती कपाळाला विभूती लावून, ठेवणीतलं इरकल नेसून आमच्याबरोबर शाळेत आली.

मोठ्या सरांच्या खोलीत मी दारालाच धरून उभी होते. बोलली ती अक्काच, निम्मं मराठीत, निम्मं कानडीत. सरांनी चौघींना बोलावलं. लांब वेणीच्या मुलीनं डोळे मोठे केले.

"मटण? शी! सर, आम्ही कुठं काय म्हणालो? हिला सपान पडलं असंल."

"न्हाई सर, आम्ही न्हाई म्हणालो."

"न्हाई सर."

चौथीनं नुसती मान हलवली. वर्गाच्या बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पोरींचा काहीतरी गोंधळ झाला असेल."

"मग कुणी काही म्हणालंच नाही," सर म्हणाले. "मिटलं की."

"अय्यय्यो सर! मग मी हितं कशाला आले? शाळा बघायला?" अक्का म्हणाली. सर हसले. त्या चौघीही हसल्या.

माझ्या डोळ्यादेखत कालचा दिवस पुसून टाकला होता, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी पोरीकडं बघितलं. ती दोरा बांधलेलं मनगट दुसऱ्या हातानं धरून उभी होती.

"नळापाशी म्हणालीस," ती लांब वेणीच्या मुलीला म्हणाली. आवाज बारीक होता. "तुझ्या हातात माझ्या डब्याचं झाकण व्हतं."

"बस, बस. वर्गात जा," सर म्हणाले.

कुणाला शिक्षा झाली नाही, कुणी चुकलं म्हणालं नाही. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, सर काय म्हणाले. मी सांगितलं, मिटलं म्हणाले. मग ताट वाढता वाढता मीच म्हणाले, "पोरगी शाळेत जाईल. त्या लबाड बोलायल्यात, ही न्हाई."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी असं कधी बोलत नसे. "बघू हंगाम सरंपर्यंत," ते एवढंच म्हणाले.

तेव्हापासून सकाळी मी डबा भरताना पोरगी शेजारी बसून मोठ्यानं म्हणायची, भाकरी, मेथी, ठेचा. संध्याकाळी दिवसभराचं सांगायची. डबा अजूनही कधी कधी रिकामा यायचा. पण आता ती "खाल्ले असंन" म्हणत नव्हती. "त्यांनी खाल्ला," म्हणायची, आणि भाकरी मागायची. दोरा तिनं कधी काढला ते मला दिसलंच नाही. मी मात्र गल्लीतल्या प्रत्येक गोड बोलणाऱ्याकडं नीट बघायला लागले.

हंगाम सरत आला तेव्हाची गोष्ट. औरादकडची एक नवीन मुलगी वर्गात आली होती. तिच्या घरात तेलुगू बोलायचे, मराठी अडखळत यायचं. पोरगी घरी येऊन म्हणाली, "आज तिची चप्पल त्यांनी कुंपणाकडं टाकली आन् म्हणाल्या, तूच टाकलीस. ती रडत व्हय म्हणायली व्हती. मी म्हणले, हिनं पायरीवर काढली व्हती, मी बघितलंय."

"मोठ्यानं म्हणलीस?"

"सगळ्यांनी ऐकलं."

मला एकदम शंका आली. एवढीशी बोलणारी पोरगी, सगळ्यांपुढं? "खरंच बघितलीस का? का तुला तसं वाटलं?"

तिनं दप्तर खाली ठेवलं. "माय, तू बी त्यांच्यावानीच इचारायलीस."

माझा हात परातीतल्या पिठातच राहिला. हे दाराशी बसून बूट काढत होते. दिवसभराच्या कामानं डोळे मिटायला आलेले. त्यांना चप्पल काय, कुंपण काय, निम्मं कळलंही नसेल.

"ती बघितले म्हणायलीय ना?" ते मला म्हणाले. "मग बघितली."

आजीजवळ ठेवायचा विषय त्या उन्हाळ्यात कुणी काढला नाही. पोरगी नववीत गेली. त्या चौघीही नववीत गेल्या, त्याच वर्गात.