दादांची फ्लॉपी

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी पारनेरच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबची सहायक होते. आठ मशीन, एक लेझर प्रिंटर आणि दाराबाहेर चपलांचा रॅक. इंटरनेट नव्हतं, पण व्हायरस यायचेच. कुणीतरी नगरच्या टायपिंगच्या दुकानातून फ्लॉपी आणायचं आणि दोन दिवसांत सगळी मशीन आजारी पडायची.

यावर तोड काढली आमच्या गणिताच्या सरांनी. पुण्याहून आणलेल्या एका मासिकाबरोबर त्यांना लिनक्सची सीडी मिळाली होती. ती त्यांनी सगळ्यांत जुन्या मशीनवर चढवली, त्यावर व्हायरस शोधणारा एक स्कॅनर बसवला आणि ते मशीन दाराजवळच्या टेबलावर ठेवलं. "आपल्याकडचे व्हायरस विंडोजवर जगतात," ते म्हणाले. "इथे ते नुसते पडून राहतात. म्हणून तपासणी इथेच करायची." महिन्यातून एकदा नव्या व्हायरसांची यादी ते नगरहून फ्लॉपीवर आणायचे.

त्या मशीनवर चित्रं नव्हती. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. फ्लॉपी घालायची, ती जोडायची कमांड टाइप करायची, मग स्कॅनरचं नाव, एक जागा सोडून फ्लॉपीचा पत्ता आणि एंटर. जागा सोडायची राहिली की मशीन काही ऐकायचं नाही. ड्राइव्ह घरघरायचा, फाइलींची नावं एकेक ओळ वर सरकायची आणि प्रत्येकीपुढे 'ओके' यायचं. मला ते बघत बसायला फार आवडायचं. कुणाच्या फ्लॉपीत काय निघालं ते मी रजिस्टरात लिहून ठेवायचे.

एका डिसेंबरात माझे वडील आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जामखेडकडच्या गावात प्राथमिक शिक्षक होते, नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभराच्या आठवणी त्यांनी वह्यांमध्ये लिहिल्या होत्या आणि जामखेडच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. आमच्या प्रिंटरवर त्या छापायच्या म्हणून दोन एसट्या बदलून आले. फ्लॉपी रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवलेली. प्राचार्यांची परवानगी मी आधीच घेतली होती.

"दादा, आधी ही इथं तपासावी लागते."

"कशाला? माझं लिखाण हाय त्यात. दुसरं काय न्हाई."

मी कमांड दिली. तीन ओळींपुढे 'ओके' आलं, चौथीपुढे आलं नाही. मी विचार न करता बोलून गेले, "तुमच्या फाइलीत व्हायरस आहे."

"म्हंजी रोग?"

"तसंच काहीसं."

ते हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी दारातच अडवायची."

मला समजायला एक क्षण लागला. लहानपणी शाळेत त्यांना वर्गाबाहेर, दाराशी बसवायचे. घरानं धम्म स्वीकारायच्या आधीची गोष्ट. आम्हा भावंडांना ते ती सांगायचे, पण कधी चिडून नाही, दुसऱ्या कुणाची असावी तशी. आज पहिल्यांदा त्यांचा आवाज बदललेला ऐकला.

मी रजिस्टर त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि हजेरी तपासावी तसं पान वरपासून वाचलं. प्राचार्यांच्या दोन फ्लॉप्या, एकीत व्हायरस. गणिताचे सर. मग माझं नाव.

"तुझी बी?"

"माझी दोनदा."

ते जरासे हसले. "मंग काढ तो व्हायरस. पन माझं एक अक्षर जाऊ देऊ नको."

आता मला भीती वाटली. स्कॅनर साफ करताना कधी कधी फाइलच मोडून ठेवायचा. सर तासावर होते. मी आधी सगळ्या फाइलींची नक्कल मशीनवर उतरवली आणि साफसफाई त्या नकलेवरच केली. स्कॅनर म्हणाला, झालं. पण मजकूर शाबूत आहे का ते त्या काळ्या पडद्यावर कळणार नव्हतं, तिथे मराठी दिसायचंच नाही. नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर घेतली, आतल्या मशीनवर डीटीपीवाल्याने दिलेला फॉन्ट टाकला आणि फाइल उघडली.

पहिलं पान आलं. दादा पडद्याजवळ बोट नेऊन वाचू लागले. तिसऱ्या ओळीत थांबले. "ही चूक व्हायरसची का दुकानवाल्याची?"

"दुकानवाल्याची."

"मंग ठीक हाय."

पानं गरम गरम बाहेर येऊ लागली. दादा प्रत्येक पान दोन्ही हातांनी उचलून घेत होते. सगळी छापून झाल्यावर त्यांनी दाराजवळच्या मशीनवर बसायचा हट्ट धरला. साफ केलेली फ्लॉपी घातली आणि एका बोटाने अक्षरं शोधत कमांड टाइप केली. मशीनने नाकारली. मी सांगायच्या आत तेच म्हणाले, "जागा सोडायची ऱ्हायली." दुसऱ्यांदा सगळ्या ओळींपुढे 'ओके' आलं. उठून, पाठीमागे हात बांधून ते ती ओळ न् ओळ बघत उभे राहिले.

जामखेडला जाऊन त्यांनी डीटीपीवाल्याला त्याचं मशीन आजारी असल्याचं सांगितलं. तो आधी रागावला, मग त्यानेच स्वतःच्या फ्लॉप्या दादांकडे दिल्या. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी एकदा दादा रबर लावलेला फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन पारनेरला येऊ लागले. तपासायला अर्धा तासही लागायचा नाही. तरी ते सकाळीच यायचे आणि शेवटच्या एसटीने जायचे. मधल्या सुट्टीत आम्ही कँटीनमध्ये बसायचो आणि दादा नवं काय लिहिलं ते मला वाचून दाखवायचे. पाच भावंडांत वाढलेल्या मला दादा असे एकटीला कधी मिळालेच नव्हते.