साडूचा टेकू

सहादू पेटीवाल्याला कुणी वाईट माणूस म्हटलं तर नाशिकच्या भद्रकालीतली निम्मी गल्ली अंगावर धावून आली असती. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाशी चढ्या आवाजात बोलणं नाही. सकाळी आठला दुकान उघडायचं, पत्रा मांडायचा आणि ठाक ठाक सुरू. लग्नातल्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, शेतावरच्या अवजारांचे डबे, सगळं हाताने. त्याने केलेली पेटी हलवा, आपटा, उलटी करा, कुठे खुळखुळ म्हणून ऐकू यायचं नाही. पण या भल्या माणसाच्या पोटात एक दुखणं होतं, आणि त्या दुखण्याचं नाव होतं निवृत्ती.

निवृत्ती म्हणजे त्याचा साडू. सहादूची बायको नवसाबाई थोरली बहीण, निवृत्तीची सरुबाई धाकटी. माहेर मखमलाबादला, माळ्याचं घर, शेवंती आणि झेंडूचा मळा. सासरे लवकर गेले, मुलगा नाही. सासू विमलाबाई एकटी मळा बघायची, आणि फुलांच्या माळा ओवण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. त्या घरात थोरल्या जावयाचा शब्द शेवटचा. विहिरीवर मोटर कोणती बसवायची? सहादूला विचारा. धाकटीला स्थळ कसलं बघायचं? सहादूला विचारा. जेवायला बसलं की पहिलं ताट त्याचं. सात-आठ वर्षं हा मान त्याने एकट्याने उपभोगला, आणि खोटं कशाला बोला, त्याला त्याची चटक लागली होती.

आणि गंमत बघा, एक्क्याण्णव साली निवृत्तीला पसंत करणाराही सहादूच. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात फिटर, निर्व्यसनी, मितभाषी. "मामी, डोळे मिटून पोरगी द्या," असं त्यानेच सासूला सांगितलं. आपण काय करून बसलो हे त्याला लग्नानंतर पहिल्या सणाला कळलं. कारण घरात जो येईल तो निवृत्तीला विचारायचा, विमान आतून कसं असतं हो? सहादूला, पेटी आतून कशी असते, हे जन्मात कुणी विचारलं नव्हतं.

"कारखान्याची बस त्याला घ्यायला येते म्हणे," सहादू घरी येऊन नवसाबाईला म्हणायचा. "त्यात काय मोठं? दूधवालाबी दारात येतो."

"अहो, पण तुम्हाला कुणी काय म्हटलं का?"

"मला कोण काय म्हणणार! मी आपलं सांगतोय."

अशी ती धुसफूस पाच वर्षं आतल्या आत चालली होती. मग शहाण्णवची दिवाळी आली आणि ठिणगी पडली.

विमलाबाईच्या माजघरात एक पेटी होती. सहादूने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी स्वतःच्या हाताने करून दिलेली, माणूस आत झोपेल एवढी मोठी, जाड पत्र्याची, हिरव्या रंगाची. घरातलं सगळं किडूकमिडूक तिच्यात. तांब्याची भांडी, लुगडी, मळ्याचे कागद. फक्त झाकण फार जड. ते उघडून लाकडाचं दांडकं लावायचं, आणि दांडकं सापडलं नाही तर बाई झाकण डोक्यावर घेऊन आत वाकायची. सहादूला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पेट्या अशाच उघडतात, सगळ्या जगात.

त्या पाडव्याला तो मखमलाबादला पोचला तर माजघरात ही गर्दी. विमलाबाई पेटीचं झाकण उघडत होती, मिटत होती, लहान पोरीसारखी हसत होती. झाकण वर गेलं की कट्ट आवाज करून आपलं आपण उभं राहायचं. दांडकं नाही, काही नाही. आतल्या बाजूला लोखंडाच्या दोन पट्ट्यांचा हात बसवला होता, मधे त्याला गुडघा आणि गुडघ्यावर स्प्रिंग.

"या, या जावईबापू! बघा तरी निवृत्तीरावांनी काय केलंय! लय भारी हाय. एका हातानं उघडतं."

"कारखान्यात विमानाची झाकणं अशी उभी राहतात, साडूभाऊ," निवृत्ती लाजत म्हणाला. "म्हटलं, मामींची मान दुखते. घरीच बनवला टेकू. सुट्टीच्या दिवशी बसून."

सहादू जवळ गेला. त्याला ना स्प्रिंग दिसली ना गुडघा. त्याला दिसली भोकं. त्याच्या पेटीच्या पत्र्याला, त्याच्या हिरव्या रंगाला, चार भोकं.

"बरं झालं," तो म्हणाला. एवढंच म्हणाला. पण घरी जाताना सायकलवर मागे बसलेल्या नवसाबाईला त्याने गोदावरीचा पूल येईपर्यंत ऐकवलं. "न विचारता भोकं पाडली! माझ्या पेटीला! उद्या मी जाऊन त्याच्या विमानाला भोक पाडू का? पाडू का, सांग?"

नवसाबाईने कॅरियर घट्ट धरला.

बरं, तिथेच थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मखमलाबादच्या बायका विमलाबाईकडे हळदीकुंकवाला यायच्या आणि पेटी उघडून बघायच्या. मग त्या सहादूच्या दुकानी यायच्या. "ते विमानाचं लावून देता का हो? तुमच्या साडूंनी केलंय ते?" सहादूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "माझ्याकडं तसलं नाय मिळत," तो म्हणायचा, आणि हातातल्या पत्र्यावर गरज नसताना दोन घाव जास्त घालायचा. तिकडे निवृत्ती रविवारी घरोघर जाऊन टेकू बसवून यायचा. एकदा तर सहादूने नुकत्याच विकलेल्या पेटीला, आठ दिवसांत, निवृत्तीचा टेकू लागला.

आणि मखमलाबादला आता मोटर बिघडली की विमलाबाई म्हणायला लागली, "निवृत्तीरावांना विचारू. त्यांना मशीनीचं कळतं." सहादू तिथेच बसलेला असायचा. ताट अजून पहिलं त्याचंच होतं, पण ताट वाढताना सासूची नजर धाकट्याकडे असायची. नसेलही. सहादूला तसं दिसायचं.

दोन वर्षं त्याने दम काढला. अठ्ठ्याण्णवच्या पितृपक्षात त्याने ठरवलं, पुरे झालं. आपणही टेकू करायचा, निवृत्तीपेक्षा चांगला करायचा, आणि मामीच्या पेटीला आपला लावायचा. पण आधी त्याचा उघडून बघायला हवा. पितृपक्षात नवी पेटी कोण घेतं? दुकान रिकामंच. एका दुपारी त्याने हातोडी, छिन्नी, पाना आणि चार रिव्हेट पिशवीत टाकले आणि मखमलाबाद गाठलं. विमलाबाई मळ्यात फुलं तोडायला गेलेली. थोरल्या जावयाला दार कोण अडवणार?

त्याने टेकू पेटीवरून काढला, उंबऱ्यावर बसला आणि गुडघा जोडणारा रिव्हेट काढून दोन्ही पट्ट्या वेगळ्या केल्या. मग त्या हातात पुन्हा पुन्हा जुळवून, वाकवून पाहिल्या. झाकण वर गेलं की गुडघा सरळ व्हायचा, आणि सरळ होऊन अगदी केसभर पुढे जायचा. तेवढं केसभर त्याला स्प्रिंग ओढून न्यायची. तिथे तो असा अडकायचा की वरून हत्ती बसला तरी वाकणार नाही. बंद करताना बोटाने मागे ढकलायचा, बस.

"काय डोकं आहे लेकाचं!" सहादू मोठ्याने म्हणाला. आणि त्याच क्षणी त्याच्या छातीत अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं. भोकांचा राग तोवर त्याला पुरत होता. आता कळलं, की हे आपल्याला सुचलं नसतं. वीस वर्षं पेट्या केल्या, शेकडो बायकांना झाकण डोक्यावर घेऊन वाकताना पाह्यलं, आणि सुचलं नाही.

तेवढ्यात मळ्याच्या बाजूने विमलाबाईचा आवाज आला. त्याने घाईघाईने पट्ट्या जुळवल्या, स्प्रिंग अडकवली, पिशवीतला नवा रिव्हेट घातला. हलवून पाहिलं तर सांधा थोडा खुळखुळत होता. पेटीवाल्याच्या हाताला खुळखुळ सहन होत नाही. त्याने हातोडीचे दोन घाव घातले, खुळखुळ बंद. टेकू जागेवर बसवून झाकण लावलं आणि सासूला "इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जाऊ" असं सांगून चहा पिऊन परत आला.

आता तुम्हीच सांगा. तो सांधा निवृत्तीने मुद्दाम ढिला ठेवला होता, तरच स्प्रिंग त्याला केसभर पुढे ओढणार. हे सहादूने पाच मिनिटांपूर्वी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग हातोडी चालली ती सवयीने, की आतल्या आगीने? पुढे कित्येकदा त्याने स्वतःला विचारलं. उत्तर कधी आलं नाही.

चार दिवसांनी, घट बसायच्या आदल्या दिवशी, विमलाबाईने घटाचा तांब्या काढायला पेटी उघडली. झाकण उभं राहिलं, पण कट्ट वाजलं नाही. ती आत वाकली, कोपर झाकणाला लागलं आणि ते धाडकन खाली आलं. उजव्या हाताची दोन बोटं पार चेचली गेली. गंगापूर रोडच्या हाडांच्या डॉक्टरने पट्टी बांधली आणि सांगितलं, हाड जुळेल, पण बोटं पूर्वीसारखी वळायची नाहीत. तोंडावर दसरा, मळा झेंडूने पेटलेला, आणि विमलाबाई माळ ओवायला बसू शकत नव्हती.

संध्याकाळी माजघरात सगळे जमले. शेजारणी निवृत्तीच्या नावाने बोटं मोडत होत्या. "कशाला करायच्या नसत्या उचापती! दांडकं काय वाईट होतं?" सरुबाई कोपऱ्यात रडत होती. निवृत्ती कारखान्यातून तसाच, गणवेशातच आला. कुणाशी न बोलता पेटीपाशी बसला, टेकू काढला, गुडघा वाकवून पाहिला. रिव्हेटवर हातोडीचे ताजे घाव होते. त्याने एकदाच मान वर करून सहादूकडे पाहिलं.

सहादू सासूच्या हाताखालची उशी नीट करू लागला.

"मामी, माझी चूक," निवृत्ती म्हणाला. "झाकणाच्या वजनाचा अंदाज चुकला माझा." आणि टेकू खिशात टाकून हात धुवायला गेला.

पुढचा महिना सहादूला जे जे हवं होतं ते ते सगळं मिळालं. विमलाबाईला दवाखान्यात न्यायचं, सहादूनेच. दसऱ्याची फुलं बाजारात पोचवायची, सहादूनेच. गावातल्या बायकांनी निवृत्तीचे टेकू काढून टाकले आणि पेट्यांची भोकं बुजवायला सहादूच्या दुकानी आल्या. निवृत्तीने पुन्हा टेकू केला नाही. मोटर बिघडली तेव्हा विमलाबाई म्हणाली, "आता थोरल्यांनाच विचारायचं."

आणि सहादूला अन्न गोड लागेना. सासू डाव्या हाताने चहाचा कप पुढे करायची तेव्हा त्याला कुठे बघावं कळायचं नाही. त्याहून मोठा छळ म्हणजे निवृत्ती. हा माणूस भेटला की हसायचा, "बरं आहे ना साडूभाऊ?" म्हणायचा. टोमणा नाही, काही नाही. अरे, शिवी दे! कॉलर धर! तर तेही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला पंगत बसली. पुरणपोळ्या, आमटी, भात. पहिलं ताट सहादूचं. विमलाबाई दुखऱ्या हाताने तूप वाढायला वाकली आणि सहादूच्याने राहवलं नाही.

"मामी, थांबा. त्याची काय चूक नाय. टेकू मी उघडला होता पितृपक्षात. मी आलो होतो बघा, चहा घेतला. तेव्हा मीच रिव्हेट ठोकून आवळला. तुमची बोटं माझ्यामुळं गेली."

सरुबाईने तोंडाला पदर लावला. विमलाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"बघा ग पोरींनो," ती म्हणाली, "याला म्हणतात थोरलेपण. धाकट्याची चूक अंगावर घ्यायला निघाले. जावईबापू, तुम्हाला खोटं बोलता येत नाय. तुमच्या हातची वस्तू कधी बिघडली का आजवर?"

"मामी, देवाशपथ सांगतो..."

"शपथा नका घालू सणाच्या दिवशी. मी काय निवृत्तीरावांवर राग धरून नाय बसले."

सरुबाई तर उठून सहादूच्या पायाच पडली. "दाजी, तुमचे उपकार कसे फेडू?"

सहादूने कासावीस होऊन निवृत्तीकडे पाहिलं. "तू सांग रे! तू पाह्यलेत ना घाव! सांग यांना!"

निवृत्तीने भात कालवता कालवता मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीवसुद्धा नव्हती.

"जेवा, साडूभाऊ," तो म्हणाला. "पोळी गार होतेय."

विमलाबाईने डाव्या हाताचा आधार देऊन सहादूच्या पोळीवर तुपाची धार धरली, कधी नव्हे एवढी. सगळं घर त्याच्याकडे कौतुकाने बघत होतं. आजवर तो साडूच्या नोकरीवर जळला, त्याच्या डोक्यावर जळला, त्याच्या स्प्रिंगवर जळला. पण निवृत्तीच्या त्या गप्प बसण्याचा त्याला जेवढा हेवा वाटला, तेवढा कशाचाच वाटला नव्हता. त्याने घास मोडला आणि खाली मान घालून गिळला.