काचेमागचे दिवे

२०१३ साल. मी एकसष्ट वर्षांचा. शिक्षण चौथी, तेही ओढूनताणून. वारज्यातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत मशीनच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असे. दवाखान्यांचे एक्स-रे, दुकानांचे हिशेब, सगळं आमच्या मशीनांत. पेठेतली गिऱ्हाइकं नुसत्या बोलण्यावर भुलणारी नव्हेत, आपली वस्तू कुठे ठेवलीय ते त्यांना डोळ्यांनी बघायचं असे. मी आधी चपला काढायला लावायचो, मग आतल्या काचेपाशी न्यायचो, पलीकडे कपाटांत मशीनांचे दिवे लुकलुकायचे. धूळ नको म्हणून केलेला नियम, पण मी तो देवळासारखा पाळला. साहेबांनासुद्धा बूट घालून आत सोडलं नाही.

त्या वर्षी साहेबांनी मशीनं भंगारात काढली. सगळं क्लाऊडवर गेलं, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनांत, भाड्याने. कुठे, ते साहेबांनाही धड सांगता येईना. रिकाम्या कपाटांत दिवे तेवढे लुकलुकत ठेवले.

"काका, कुणी आलं तर नेहमीसारखं दाखवा. लोकांना धीर येतो."

"आत काय आहे म्हणून सांगू?"

"विचारतंय कोण?"

मग सदाशिव पेठेतले हाडांचे डॉक्टर आले. वर्षातून एकदा यायचेच. म्हातारा माणूस, स्वतःचेच गुडघे दुखणारा, बाकावर बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागला. ते मला बघवेना.

"राहू द्या डॉक्टर. आत काही नाही, नुसते दिवे आहेत. तुमचे एक्स-रे आता दुसरीकडे असतात. सुरक्षित आहेत म्हणतात."

मला वाटलं, खरं बोललो, आता कंपनीवर नाही तरी माझ्यावर विश्वास राहील.

ते नाडी धरूनच थांबले. "कधीपासून?"

"झाले दोनेक महिने."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी होती की मशीनं. तुम्हीच बघितलीत दरवर्षी."

"मी दिवेच बघितले, काका." त्यांनी नाडी परत बांधली. "उगीच बूट काढले इतकी वर्षं."

शपथ घेऊन सांगावं तर दाखवायला काय होतं? मशीनं भंगारवाल्याकडे. ते जिना उतरून गेले. इतकी वर्षं खरं दाखवलं, ते एका खऱ्या वाक्याने खोटं पडलं. साहेबांचं फार बिघडलं नाही, एक गिऱ्हाईक कमी झालं. माझ्याकडे मात्र शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडलं, चपला पायात ठेवूनच आत गेलो आणि दिवे बंद केले.